एचबीएफ उतरले, म्हणजे आजार वाढला का?

दोन वर्षांच्या मुलीचे दोन रिपोर्ट माझ्यासमोर ठेवून तिच्या आईने विचारले, "नऊ महिन्यांची असताना एचबीएफ (गर्भातील हिमोग्लोबिन) २६ टक्के होते, आता १५ वर आले. आमचे काही चुकले का?" मुलीला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार आहे, आईवडील दोघेही वाहक. पहिला रिपोर्ट पाहून कोणीतरी त्यांना "एचबीएफ भरपूर आहे, आजार सौम्य राहील" असे सांगितले होते आणि त्या एका वाक्याच्या आधारावर त्या घराने वर्षाहून अधिक काळ काढला होता. बाळाचे वय लक्षात न घेता दिलेली अशी आश्वासने पुढे निस्तरावी लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

एचबीएफ हे गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन. त्यात बीटा साखळ्यांऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि जन्माच्या सुमारास शरीर गॅमाकडून बीटाकडे वळते. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत असल्यामुळे पहिले काही महिने बाळाला सहसा त्रास होत नाही. नवजात बाळांच्या तांबड्या पेशी कमी प्रमाणात विळ्याच्या आकाराच्या होतात, याकडे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच लक्ष वेधले होते. निरोगी बाळात एचबीएफची घट साधारण वर्षभरात बहुतांशी पूर्ण होते, सिकलसेलमध्ये मात्र ती रेंगाळते आणि पाचव्या वर्षापर्यंत, काही मुलांत त्याहीनंतर, चालू राहते. म्हणून नवव्या महिन्यातील २६ हा आकडा मुळात टिकणारा नव्हता आणि त्याच्या उतरण्यात आईवडिलांच्या हातून काही चुकलेले नव्हते.

एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, कारण हाच आजार असलेल्या थोरल्या मुलाचे एचबीएफ १४ टक्के असूनही त्याला तीव्र वेदनांमुळे दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. हा प्रश्न अधिक अवघड होता. रिपोर्टमधील टक्केवारी ही संपूर्ण रक्ताची सरासरी असते. ते एचबीएफ सर्व पेशींत सारखे वाटले गेले आहे की काही पेशींत भरपूर आणि बाकीच्यांत जवळजवळ नाहीच, हे तिच्यावरून कळत नाही. ज्या पेशीत एचबीएफ पुरेसे असते, तिच्यात हिमोग्लोबिन एसचे, म्हणजे सिकलसेलमधील सदोष हिमोग्लोबिनचे, रेणू एकमेकांना जोडून कडक तंतू होण्यास अडथळा येतो. शेजारच्या पेशीला त्याचा काहीच उपयोग नसतो. शिवाय अल्फा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक दोष, सोबत आला आहे का, यानेही आजाराचे रूप बदलते आणि त्याबाबत सख्खी भावंडेही वेगळी असू शकतात. त्यामुळे मोठ्याच्या आकड्यावरून धाकटीचे भविष्य सांगता येत नाही, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने बहुतेक मुलांचे एचबीएफ वाढते, ते केव्हा सुरू करायचे हे रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवावे, असेही सुचवले.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. "सौम्य" या शब्दावर विसंबून घरी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या पेनिसिलिनचे डोस चुकत होते आणि मागच्या महिन्यात आलेला ताप दोन दिवस अंगावर काढला गेला होता. एचबीएफ कितीही असो, या मुलांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातील अवयव, कधी अचानक वाढू शकते आणि लवकर निकामीही होऊ शकते. म्हणून १०१ अंश फॅरेनहाइटच्या वरचा ताप म्हणजे त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालय गाठणे.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग प्लीहा अचानक वाढली तर घरी कसे ओळखायचे, असे त्यांनी विचारले. मी परिचारिकेला बोलावले आणि त्यांचा हात मुलीच्या डाव्या बरगडीखाली कसा ठेवायचा, ते तिने त्यांना दाखवले.