कोणतं वडगाव, ते आधी विचारा

‘मुक्कामाचं बोला’ : पायी फिरणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : मी ५७, यजमान ६१. दोघंही निवृत्त. रोज सकाळी वेताळ टेकडी चढतो. मुलगी मँचेस्टरला आहे. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये तिच्याकडे जाऊ तेव्हा इंग्लंडमधली ‘हेड्रियन्स वॉल’ या जुन्या रोमन भिंतीकाठची पायवाट पूर्ण चालायची, असं मनात आहे. तंबू नको, रोज संध्याकाळी एखाद्या इनमध्ये नाहीतर घरगुती खोलीत मुक्काम. टूर कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून यजमान उभे होते ते खाली बसले. हे सगळं आपलं आपण आखता येतं का? रोज किती चालायचं? सामान पाठीवर घ्यायचं का? यजमानांचा उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आणि आम्ही शाकाहारी, अंडं चालतं पण तेही मलाच. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आखता येतं. मी २०१८च्या जूनमध्ये आखली होती, शंभर पानी वहीत. बायकोला बरोबर घेऊन चाललोही, आणि आम्ही अजून एकाच घरात राहतो.

पहिली चूक सगळे करतात तीच मी केली. वाट १३५ किलोमीटरची, दिवस सात, म्हणजे रोज साधारण १९. भागाकार सुंदर आला. पण दर १९ किलोमीटरला तिथे कुणी पलंग टाकून ठेवलेला नाही! पश्चिमेकडे कार्लाइल आणि पूर्वेकडे न्यूकॅसल ही दोन शहरं, तिथे हॉटेलांना तोटा नाही. मधल्या, वॉल्टन ते चॉलरफर्ड या ४५ किलोमीटरमध्ये मात्र मेंढ्या भरपूर आणि खोल्या मोजक्या. म्हणून वहीत पहिली ओळ मधल्या मुक्कामाची लिहायची. वन्स ब्रूड नावाची छोटी वस्ती आहे, तिथल्या रात्री आधी पक्क्या करा. मग तिथून दोन्ही बाजूंना सरकत जा. लग्नात आधी कार्यालयाची तारीख बघतात आणि मग मुहूर्त ‘निघतो’, तसंच.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. तिकडचा वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, तो पाठीवर राहतो. मुलीकडून रेल्वेने कार्लाइल, तिथून बसने किनाऱ्यावरचं बोनेस ऑन सॉल्वे. टप्पे साधारण असे पडतात : बोनेस ते कार्लाइल २४ किलोमीटर, तिथून वॉल्टन १८, मग गिल्सलँड १३, वन्स ब्रूड १३, चॉलरफर्ड १९, हेडन ऑन द वॉल २४ आणि शेवटी न्यूकॅसल शहर पार करून वॉल्सएंड २४. वॉल्टन ते वन्स ब्रूड धडधाकट लोक एका दिवसात उरकतात. तुम्ही त्याचे दोन दिवस करा. गुडघ्यासाठी तर कराच, पण खरी बघण्यासारखी भिंत तिथूनच सुरू होते आणि ती धापा टाकत बघण्यात अर्थ नाही.

चालायला शनिवारी सुरुवात करा. शनिवार-रविवारी घरगुती खोल्यांचे मालक पुष्कळदा ‘किमान दोन रात्री राहा’ म्हणतात. शनिवारी निघालात की ती रात्र कार्लाइलमध्ये जाते, तिथे हा त्रास नाही. मधला अवघड पट्टा सोमवार ते गुरुवारात बसतो. रविवारचं वॉल्टन मात्र आधी विचारून ठेवा. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिकडे सुट्टीचा, ते आठवडे टाळा.

वॉल्टनवरून आठवलं. संकेतस्थळावर ‘वॉल्टन’ टाकलं, टुमदार खोली दिसली, पैसे भरले. निघायला तीन आठवडे असताना बायकोने सहज नकाशा उघडला आणि विचारलं, ‘अहो, हे लंडनजवळ कसं?’ इंग्लंडमध्ये वॉल्टन किती आहेत, विचारू नका. आपण पुण्यात राहून ही चूक करावी? ‘वडगावला ये’ म्हटल्यावर बुद्रुक, शेरी की मावळ, हे आपण विचारल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नाही. तेव्हा प्रत्येक खोलीचा पोस्टकोड वहीत लिहा आणि तो नकाशावर तपासा. न्यूकॅसलही दोन आहेत, तुमचं टाइन नदीवरचं. माझे पैसे गेले. शिवाय खऱ्या वॉल्टनमध्ये तोवर एकही खोली उरली नव्हती. अखेर वाटेपासून पाच किलोमीटरवरच्या एका बाईंनी ‘संध्याकाळी गाडीने घ्यायला येते, सकाळी तिथेच सोडते’ म्हणून कळवलं. अशी ने-आण काही मालक करतात, पण आधी पत्रातून ठरवावी लागते. मध्येच फोनची रेंज जाते.

खोल्या दिवाळीचा फराळ संपायच्या आत धरा. दोघांच्या खोलीला, सकाळच्या नाश्त्यासह, रात्रीचे निदान १०० पौंड धरून चाला. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत असतानाच करता येतो, म्हणून शक्य तिथे रद्द करता येणाऱ्या खोल्या घ्या आणि विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी.

आता जेवण. ‘इन’ म्हणजे खाली पब आणि वर चार-सहा खोल्या. पब म्हटल्यावर दचकू नका, हा कोरेगाव पार्कातला नव्हे. आजोबा, नातवंडं, चिखलाने भरलेलं कुत्रं, सगळी मंडळी तिथे जेवायला बसलेली असतात. तुमच्यासाठी सूप, चीज घातलेला भाजलेला बटाटा, मॅकरोनी, भाज्या भरून भाजलेला ‘पाय’ (pie) नावाचा पदार्थ, असं काहीतरी निघतंच. सूप कशाच्या पाण्यात केलंय तेवढं विचारा. यजमानांसाठी नाश्त्याला बीन्स, मश्रूम, टोमॅटो, टोस्ट. चौथ्या दिवशी ते बीन्सकडे बघून उसासा टाकतील, तेव्हा मेतकूट काढा.

खरी अडचण वेळेची आहे. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड. हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यात शिपायांच्या सामुदायिक शौचकूपाचे अवशेष आहेत, पाणी खेळवण्याची तजवीज सुद्धा दिसते. ती बघण्यात माझा तास गेला. पुढे रमतगमत गेलो. मुक्कामी पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते, बाहेर ऊन, आत स्वयंपाकघर बंद. त्या रात्री पलंगावर टॉवेल पसरून चितळ्यांची बाकरवडी आणि नळाचं पाणी. बायको काही बोलली नाही. तेच वाईट असतं. तेव्हा खोली ठरवतानाच विचारून घ्या : रात्री जेवण देता का, शेवटची ऑर्डर किती वाजता, दुपारचा डबा बांधून मिळेल का आणि ओले बूट वाळवायला जागा आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक अनुभवी समजलं जातं.

सामान पाठीवर अजिबात घेऊ नका. बॅग सकाळी खाली ठेवायची, गाडीवाला संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामी पोचवतो, बॅगेमागे पैसे घेतो. यजमानांना ही ‘फसवणूक’ वाटेल. मलाही वाटली होती. मग बायकोने विचारलं की वारीत तुमची वळकटी कोण उचलत होतं? दिंडीचा ट्रक. विषय संपला. पाठीवर फक्त पाणी, डबा, रेनकोट, एक जादा कपडा आणि मोज्यांचा दुसरा जोड. मोज्यांना हसू नका. वन्स ब्रूडजवळ व्हिंडोलांडा हा किल्ला आहे, तिथे जमिनीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रं सापडली. एका पत्रात तिथल्या माणसाला कुणीतरी मोजे, सपातांचे दोन जोड आणि दोन आतल्या चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय. हवा तेव्हापासून तीच आहे. वन्स ब्रूडला दोन रात्री राहा, मधला बुधवार व्हिंडोलांडासाठी आणि गुडघ्यासाठी.

गुडघ्याचं म्हणाल तर वाटेवरची सगळ्यात उंच जागा, विनशील्ड्स, समुद्रसपाटीपासून ३४५ मीटर. आपलं पुणंच त्याहून उंच. पण गिल्सलँड ते हाउसस्टेड्स वाट कड्यावरून वर-खाली करते, लहान लहान, उभे, दगडी पायऱ्यांचे चढउतार. एक सिंहगड परवडला, ही पर्वती परत परत येते. दोघांनी चालायच्या काठ्या घ्या, विमानात त्या मोठ्या बॅगेत टाका. बूट इथेच घेऊन दोन महिने टेकडीवर घासा. सराव करताना सलग तीन दिवस चाला. रविवारी सिंहगड आणि सोमवारी सोफा, याने तिथे तिसऱ्या दिवशी काय होतं ते कळत नाही. आणि गुडघा अगदीच बसला तर कार्लाइल-न्यूकॅसल रेल्वे वाटेला जवळजवळ समांतर धावते, हॉल्टव्हिसल आणि हेक्सम ही मधली स्टेशनं. हंगामात वाटेलगत एक बसही असते. तिचा क्रमांक एडी १२२, कारण सम्राट हेड्रियनने भिंत बांधायला घेतली ते साल इसवी सन १२२. एवढं चोख क्रमांक देणं आपल्या पीएमपीला सुचेल का, असा विचार मी थांब्यावर उभा राहून केला.

पहिल्या दिवशी एक सांभाळा. बोनेसहून येताना ड्रमबरापुढे वाट खाडीकाठच्या दलदलीतून जाते आणि मोठ्या भरतीला तो रस्ता पाण्याखाली जातो. भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. कोकणात सासर-माहेर असेल तर वेगळं सांगायला नको. गायींचंही सांभाळा. आपण पुणेकर रस्त्यात गाय दिसली की हात लावून नमस्कार करतो. तिथे वासरं बरोबर असलेल्या गायी अंगावर येतात, लांबून वळसा घ्या.

पहिले दोन दिवस भिंत दिसणार नाही, म्हणून खट्टू होऊ नका. तिचे दगड लोकांनी घरांना, कुंपणांना, लॅनरकॉस्टच्या मठाला लावले. पूर्वेकडे तर अठराव्या शतकात लष्करी रस्ता करताना भिंत पाडून तिचाच भराव केला. जी उरलीय तिच्यावर चढायचं नाही, शेजारच्या गवतावरून चालायचं. त्या गवताखालीही अवशेष आहेत, म्हणून एकामागे एक न चालता शेजारी-शेजारी चाला, म्हणजे चाकोरी पडत नाही, अशी तिथे विनंती असते. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात यजमान चार पावलं पुढेच चालत आले असतील तर त्यांना हे दाखवा.

प्रश्न : वय २९, आयटीत आहे, हीच वाट एकटीने चालावी का? आईचा विरोध आहे. – सदाशिव पेठ

उत्तर : चालावी. वाट दाखवणारी ओकच्या फळाची खूण सगळीकडे आहे, वाट चुकायला प्रयत्न करावे लागतात, आणि एकट्या चालणाऱ्या बाया आम्हाला रोज भेटल्या. अडचण पैशाची : एकटीसाठीही बहुतेक ठिकाणी दोघांच्याच खोलीचं भाडं पडतं. वाटेवर काही ठिकाणी बंकहाउस आहेत, एकेक पलंग मिळतो, ती आधी बघा. आईला रोजच्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद द्या आणि ठरलेल्या वेळी फोन करा. विरोध मावळेल असं नाही, पण त्यांना नकाशात बोट ठेवायला जागा मिळेल.

प्रश्न : परदेश परवडत नाही. पुण्याजवळ असं मुक्काम-ते-मुक्काम चालता येईल? – धनकवडी

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत दिवेआगर गाठा. पहिल्या दिवशी दिवेआगरहून शेखाडी, आरावीवरून समुद्राला धरून श्रीवर्धन, साधारण वीस किलोमीटर. रस्ता डांबरी आहे पण उजव्या हाताला सतत पाणी. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. तिन्ही गावांत घरगुती खोल्या आणि खाणावळी आहेत. जेवणाचं मात्र सकाळीच फोन करून सांगायचं, माणसं किती तेही, नाहीतर मोदक मिळत नाहीत. शनिवार-रविवार टाळा, त्या रस्त्यावर तेव्हा निम्मं पुणं गाडीत बसून येतं. कर्वेनगरच्या बाईंनीही यजमानांना घेऊन रंगीत तालीम इथेच करावी. श्रीवर्धनच्या आसपास वडगाव आहे की नाही ते मी तपासलेलं नाही, पण पिनकोड लिहून घ्या.