सीटी अँजिओसाठी निळं इंट्राकॅथ आणि इंजेक्टरचा प्रेशर अलार्म

तुमचा प्रश्न असा: वॉर्डातून पेशंट हाताच्या पंजावर 22 गेजचं (गेजचा आकडा मोठा तितकी नळी बारीक) निळं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची प्लास्टिकची सुई, लावून येतो, सीटी अँजिओला (शिरेत आयोडीनचा कॉन्ट्रास्ट सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन) 5 मिलि प्रति सेकंद ठेवलं की इंजेक्टर, म्हणजे कॉन्ट्रास्ट ढकलणारं यंत्र, प्रेशर लिमिट दाखवतो, मग लिमिट वाढवावी का?

वाढवू नका. लिमिट लागली की बरेचसे इंजेक्टर आपणहून वेग कमी करतात. स्कॅन होतो, पण महाधमनी फिकी येते आणि दोष बोलस ट्रॅकिंगवर (कॉन्ट्रास्ट पोचला की स्कॅन सुरू करण्याच्या पद्धतीवर) ढकलला जातो. खरं दुखणं सुईचं आहे.

अँजिओला कोपराच्या खोबणीत 18 (हिरवं) किंवा 20 (गुलाबी) घ्या, शक्यतो उजव्या हातात. डाव्या बाजूची शीर छाती ओलांडून जाते, त्यामुळे दाट कॉन्ट्रास्टच्या रेघा नेमक्या महाधमनीच्या फाट्यांवर येतात. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली धमनी-शीर) असलेला हात टाळा, आणि स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचाही.

पाकिटावर गुलाबीला साधारण 60 मिलि प्रति मिनिट छापलेलं असतं. ते वाचून काहीजण घाबरतात, कारण 5 मिलि प्रति सेकंद म्हणजे मिनिटाला 300. पण तो आकडा बाटली टांगून आपोआप वाहणाऱ्या पाण्याचा आहे. इंजेक्टरसाठी कंपनीने दिलेला कमाल वेग आणि प्रेशर वेगळं असतं, तेच बघा. वॉर्डातला थ्री-वे (तीन तोंडांचा कॉक) आणि साधी एक्स्टेन्शन नळी काढून टाका. प्रेशरखाली ती तडकते किंवा निसटते. सेंट्रल लाइन किंवा पीआयसीसी (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) असेल आणि तिच्यावर पॉवर इंजेक्शन चालत असल्याचं छापलेलं नसेल, तर इंजेक्टर जोडूच नका.

आता चाचणी. सिरिंजने 5 मिलि सलाइन हळूच ढकलून 'गेलं' म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. हात स्कॅनच्या वेळी असेल तसाच डोक्यावर घ्या, कारण कोपर वाकलं की सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकतं. मग इंजेक्टरनेच 20-30 मिलि सलाइन खऱ्या वेगाने सोडा. त्या वेळी सुईच्या टोकाच्या वर दोन बोटं ठेवा: शिरेत जात असेल तर बोटाखाली थरथर लागते, बाहेर जात असेल तर कातडी गार पडून फुगते. रक्त मागे येणं पुरेसा पुरावा नाही. प्रेशरच्या आलेखावरही विसंबू नका. सैल कातडीखाली कॉन्ट्रास्ट साठताना तो बऱ्याचदा शांतच असतो.

कॉन्ट्रास्ट 37 अंशाला गरम ठेवा, पातळ होतो आणि प्रेशर उतरतं. नळीतली हवा काढताना टोक वर धरा. (ही आठवण जुन्या माणसांनाच जास्त करून द्यावी लागते.)

दुसरी शीर मिळतच नसेल तर आयोडीनचा हिशेब करा. 300 चा कॉन्ट्रास्ट (मिलिला 300 मिलिग्रॅम आयोडीन) सेकंदाला 4 मिलिच्या वेगाने म्हणजे सेकंदाला 1.2 ग्रॅम आयोडीन. 370 चा 3 च्या वेगाने 1.11 ग्रॅम, फारसा फरक नाही. एक्स-रे ट्यूबचे केव्ही (व्होल्टेज) 80 किंवा 100 वर आणले तर आयोडीन आणखी उजळतं. त्या निळ्या सुईला कंपनीने इंजेक्टरसाठी सेकंदाला 3 मिलि वेग दिलेला असेल तरच हे करा, आणि रेडिओलॉजिस्टला आधी सांगून. मागून 30-40 मिलि सलाइन, नाहीतर शेवटचा कॉन्ट्रास्ट दंडातच अडकतो.

सुई आउट झालीच, म्हणजे कॉन्ट्रास्ट शिरेबाहेर गेलाच, तर लगेच थांबवा, हात उंच ठेवा, गार शेक द्या. सुजेची कड पेनाने आखा आणि किती मिलि गेलं ते इंजेक्टरच्या पडद्यावरून लिहून घ्या. घट्ट पट्टी नको. बोटं बधिर किंवा पांढरी पडली, दुखणं वाढत गेलं, फोड आले तर सर्जनला तेव्हाच बोलवा.