पडद्यावरची गायिका आणि मंचावरचा चेलो

आपण विचारले आहे की, लोकसंगीत आणि आधुनिक पाश्चात्त्य अभिजात संगीत यांना एकत्र आणणाऱ्या आजच्या संगीतकारांपैकी कोणाला ऐकावे, आणि असा प्रयत्न शेवटी ‘फ्यूजन’च ठरत नाही का. पहिल्या प्रश्नाला मी एकच नाव सांगेन: तान दुन. (चिनी रीतीप्रमाणे ‘तान’ हे आडनाव आधी येते. आपल्या गाण्यातल्या तानेशी त्याचा काही संबंध नाही, तरी संगीतकाराला हे नाव शोभून दिसते एवढे खरे.) दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या एका रचनेच्या आधारेच देता येईल.

तान दुन यांचा जन्म 1957 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहराजवळच्या एका खेड्यात झाला. मयताच्या विधींत मांत्रिक गात आणि वाजवत, ते संगीत त्यांनी लहानपणीच ऐकले. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे शहरी तरुणांना शेतावर पाठवले जाई त्या दिवसांत, त्यांना भातशेतीच्या कामावर धाडण्यात आले. तिथे त्यांनी गावकऱ्यांकडून गाणी गोळा केली आणि हाताशी येतील ती भांडी वाद्ये म्हणून वाजवणारा गावकऱ्यांचा ताफाही जमवला. पुढे पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी पारंपरिक संगीत नाटकाच्या, एका मंडळीतले काही वादक बोटीच्या अपघातात दगावले आणि त्या रिकाम्या जागी त्यांना बोलावणे आले. 1978 मध्ये ते बीजिंगच्या मध्यवर्ती संगीत महाविद्यालयात दाखल झाले आणि 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. चित्रपटसंगीतासाठी मिळालेल्या ऑस्करमुळे ते जगभर ठाऊक झाले. परंतु आपल्या प्रश्नापुरते त्या संगीताकडे वळण्याचे कारण नाही.

विद्यार्थी असताना, 1981 मध्ये, हुनानच्या तुजिया लोकांच्या एका गावात त्यांना एक वृद्ध भेटला. तो दगडावर दगड आपटून वाजवत असे, आणि ते वाजवणे म्हणजे वारा, ढग, पाने आणि पक्षी यांच्याशी बोलणेच होते. परत येऊन ही विद्या शिकेन असे तान दुन यांनी ठरवले. ते परतले 1999 मध्ये. तोवर तो वृद्ध गेला होता आणि ते वाजवणेही त्याच्याबरोबर गेले होते. ‘द मॅप’, म्हणजे नकाशा, ही रचना या उशिरातून जन्माला आली. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने ती चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातले, बसून गजाने वाजवायचे मोठे वाद्य) वाजवणारे यो-यो मा यांच्यासाठी करवून घेतली आणि फेब्रुवारी 2003 मध्ये ती बॉस्टनला प्रथम सादर झाली. चेलो, ऑर्केस्ट्रा आणि व्हिडिओ असा तिचा थाट आहे. तिच्या नऊ भागांतून तुजिया, म्याओ आणि दोंग या समाजांचे कलाकार, तान दुन यांनी त्यांच्याच भागात चित्रित केलेले, मंचावरच्या पडद्यावर दिसतात आणि ऐकू येतात. कोणी झाडाचे पान ओठांना लावून वाजवतो, कोणी झांजा वाजवतात, बायका समूहाने गातात. दगडांच्या भागात मंचावरचे तालवादक खरोखरच दगड हाती घेतात.

माझ्या मते या रचनेचे मर्म पाचव्या भागात आहे. त्याचे नाव ‘फेइग’, म्हणजे उडते गाणे. म्याओ लोकांमध्ये एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला साद घालण्याची ही गायकी आहे. तिच्यात एकाने गायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे असते. पडद्यावर एक म्याओ गायिका अतिशय उंच, मोकळ्या आवाजात ओळ फेकते आणि थांबते. ती थांबते तेव्हा उत्तर येते ते मंचावर बसलेल्या चेलोवादकाकडून. तो तिची नक्कल करत नाही, पण तिच्या स्वराच्या शेवटाला असलेली घसरण आपल्या तारेवर घेतो आणि तिथून पुढे आपले बोलतो. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरपट्टीत न बसणाऱ्या तिच्या जागा त्याला बोट सरकवून गाठता येतात.

एरवी चेलोच्या काँचेर्टोमध्ये, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेत, एकल वादक किंचित रेंगाळला, तर कंडक्टर त्याच्यासाठी थांबतो. इथे पडद्यावरची बाई कोणासाठीही थांबणार नाही, कारण तिचे गाणे आधीच गाऊन झाले आहे. म्हणून अख्ख्या ऑर्केस्ट्राला तिच्या श्वासावर नजर ठेवून चालावे लागते. फ्यूजन म्हणून आपल्याला जे ऐकवले जाते त्यात बहुधा याच्या उलट घडते: लोकगायकाला मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर बसवतात, त्याचा सूर कीबोर्डच्या पट्टीत आणतात आणि मागे सुरावटींची गादी अंथरतात. तिथे लोकगायकाने बदलायचे असते; इथे ऑर्केस्ट्राला बदलावे लागते. माझ्या लेखी फ्यूजन आणि रचना यांतला फरक हाच आहे.

हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे जुने यंत्र घेऊन हंगेरीतली खेडी पालथी घातली आणि तिथल्या गाण्यांतून आपली भाषा घडवली, हे खरे. मात्र त्यांच्या रचनांमध्ये गाणारी म्हातारी सभागृहात येत नाही, तिची चाल तेवढी येते. तान दुन त्या व्यक्तीलाच चेहऱ्यासकट सभागृहात आणतात. यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला पूर्णपणे झटकून टाकता येत नाही: चित्रण कुठे कापायचे, कोणती ओळ ठेवायची, हे संगीतकारच ठरवतो, आणि पडद्यावरच्या माणसाला त्यात काही म्हणता येत नाही. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट अशी की, 2003 मध्येच ही रचना पश्चिम हुनानमधल्या फंगहुआंग या जुन्या गावी, नदीकाठी, शांघाय सिंफनी ऑर्केस्ट्राकडून सादर झाली. चेलोवर फिनलंडचे अन्सी कार्तुनेन होते. त्या प्रयोगाची डीव्हीडी निघालेली आहे आणि मी आपल्याला सभागृहातल्या ध्वनिमुद्रणापेक्षा तीच सुचवेन, कारण चित्राशिवाय ही रचना अर्धीच कळते.

याच मार्गाने पुढे जायचे असेल तर ‘नू शू’ (2013) आहे: हार्प (बोटांनी छेडायचे उभे तंतुवाद्य), ऑर्केस्ट्रा आणि 13 लघुचित्रफिती. हुनानच्या च्यांगयोंग भागात फक्त बायकांमध्ये चालत आलेली एक लिपी होती. तिच्यात त्या आपली गाणी पंख्यांवर, रुमालांवर आणि नव्या नवरीला द्यायच्या वह्यांत लिहून ठेवत. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यातला सासर-माहेरचा सल ओळखीचा वाटेल, फक्त आपल्या बायकांची गाणी ओठांवर राहिली आणि त्यांची लिहिली गेली.

पडदा नको असेल तर ‘घोस्ट ऑपेरा’ (1994) ऐकावे. क्रोनोस क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच आणि पीपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान यांच्यासाठी ती लिहिलेली आहे. तिच्यात पाण्याची भांडी, दगड, कागद आणि धातू यांचेही आवाज आहेत, आणि जर्मन संगीतकार बाखच्या एका प्रेल्यूडशेजारी (छोट्या रचनेशेजारी) ‘छोटी कोबी’ हे आई नसलेल्या मुलीचे चिनी लोकगीत येते. हेडफोन लावून, रात्री, घरातली वर्दळ थांबल्यावर ऐकावे; पाण्यात हात फिरल्याचा आवाज एरवी निसटून जातो.