धाकटी दादाच्या पुढे गेली, आता काय करू?

पत्र: नमस्कार ताई. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मुलगा आठवीत आहे, वय १३ वर्षं ८ महिने. मुलगी सहावीत, ११ वर्षं १० महिने. दर दिवाळीला दोघांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवायची आमची पद्धत आहे. गेल्या वर्षी मुलगा १४२ सेंटीमीटर होता आणि मुलगी १४३. यंदा तो १४७ आणि ती १५१. परवा माझ्या मावसभावाच्या लग्नात पाहुण्यांनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि "यातला दादा कोण?" म्हणून सगळे हसले. त्या दिवसापासून तो बहिणीबरोबर कुठेही यायला तयार नाही. क्रिकेट सोडलं. पार्किंगमधल्या पाइपला लोंबकळत बसतो आणि उंची वाढवायची पावडर मागवा म्हणून रडतो. आवाज अजून फुटलेला नाही, त्यावरून वर्गात चिडवतात. यजमान म्हणतात, "मुलींसारखा रडू नकोस." एका मैत्रिणीने ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुचवली आहेत. माझी उंची १५५, यजमानांची १६८. सासूबाई म्हणतात, याचा बापही दहावीनंतरच वाढला. मुलीची पाळी सप्टेंबरात सुरू झाली. ती समंजस आहे, तिची काळजी नाही. याचं काय करू?
एक आई, नाशिक

उत्तर:

ताई, त्या चौकटीवरच्या खुणा पुसू देऊ नका. रंगकाम काढलंत तर आधी आकडे आणि तारखा वहीत उतरवून घ्या. मुलाची वाढ नीट होते आहे का, हे आज बहिणीच्या शेजारी उभं करून कळत नाही. तो स्वतःच्या गेल्या वर्षीच्या खुणेपासून किती वर गेला, त्यावरून कळतं. तुमचा मुलगा वर्षात ५ सेंटीमीटर वाढला. वयात येण्याआधी मुलं साधारण याच वेगाने वाढतात. मुलगी ८ सेंटीमीटर वाढली, कारण तिची झपाट्याने वाढायची वेळ आली आहे आणि त्याची अजून यायची आहे.

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ या वर्षांत कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४. सर्वांत वेगाने वाढायचं वर्ष मुलींना साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी येतं, मुलांना त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. तुमच्या मुलांमध्ये दोन वर्षांचंही अंतर नाही. त्यातून मुलगा थोडा उशिरा वाढणाऱ्यांपैकी दिसतो. मग ती मधली एक-दोन वर्षं त्याच्या पुढे राहणारच. सहावी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात जा, मागच्या बाकांवर उंच मुली दिसतील.

पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची वाढते, पण आवरती घेते, साधारण ५ ते ७ सेंटीमीटर. म्हणजे तुमची लेक १५६-१५८ च्या आसपास थांबेल. मुलाचा अंदाज असा काढतात: आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे. तुमच्या घरात उत्तर येतं १६८, वडिलांइतकंच. त्याच्या अलीकडे-पलीकडे ८ सेंटीमीटर धरा. ही काही खात्री नव्हे, पण त्याला समोर बसवून हे गणित त्याच्याच हाताने करायला लावा. आठवीतल्या मुलाला "होईल रे सगळं नीट" यापेक्षा आकडे पटतात.

सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट तर फारच मोलाची आहे. उशिरा वाढायचा गुण बऱ्याचदा घराण्यातून येतो आणि अशी मुलं मागाहून भरून काढतात. पण हे आजीच्या तोंडून आईला, आईच्या पत्रातून मला कळून काय उपयोग? ते बापाने मुलाला सांगायला हवं. यजमानांकडे दहावीच्या वर्गाचा फोटो असेलच. तो काढू दे, आपण कुठल्या रांगेत उभे होतो ते दाखवू दे आणि तेव्हा आपल्याला कसं वाटायचं तेही सांगू दे. "मुलींसारखा रडू नकोस" हे वाक्य मात्र आजपासून बंद. त्या वाक्याने मुलगा रडायचं थांबवत नाही, फक्त तुमच्यासमोर रडायचं थांबवतो. शिवाय ते ऐकायला शेजारच्या खोलीत मुलगीही असते.

आणखी एक गोष्ट वडिलांनीच बोलायची. मुलांमध्ये वयात येण्याची पहिली खूण आवाज किंवा मिसरूड नसते. आधी अंडकोष वाढू लागतात, आवाज त्यानंतर बऱ्याच काळाने फुटतो. मुलाला हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो रोज आरशात ओठ बघतो आणि निराश होतो. काही मुलांच्या छातीत या काळात थोडी गाठ येते, दुखते आणि बहुतेकदा आपोआप जाते. तेही आधीच कानावर असलेलं बरं.

पावडर आणू नका. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पोटभर जेवणाऱ्या मुलाची उंची पावडरने वाढत नाही. ते पैसे दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, नाचणी यांवर खर्च करा. लोंबकळून उंची वाढत नाही, पण व्यायाम म्हणून करत असेल तर करू दे, फक्त पार्किंगच्या पाइपवर नको. झोप मात्र हवी. वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत स्रवतं आणि या वयाला ८ ते १० तास लागतात. रात्री फोन तुमच्या खोलीत राहू दे. "जागलास तर बुटका राहशील" अशी भीती मात्र घालू नका, ती त्याच्या मनात आधीच आहे. इंजेक्शनांचं म्हणाल तर ती संप्रेरकाची कमतरता किंवा काही ठरावीक आजार तपासणीत सिद्ध झाले तरच देतात, बहुधा रोज आणि वर्षानुवर्षं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची ती गोष्ट नाही. वर्गातल्या चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना एकट्या जाऊन भेटा, त्याला बरोबर नेऊ नका.

आता मला तुमच्या मुलीबद्दल बोलायचं आहे. एवढ्या पत्रात तिच्या वाट्याला काय आलं, तर पाळी आणि "ती समंजस आहे, तिची काळजी नाही". ताई, त्या लग्नात पाठीला पाठ लावून तीही उभी होती. हसणाऱ्यांनी दादाला लहान ठरवलं आणि त्याच दमात तिला जादा मोठी ठरवलं. तेव्हापासून दादा तिच्याबरोबर चालत नाही, आणि तिने तर काहीच केलेलं नाही. ती खांदे पाडून, पाठ वाकवून चालू लागली आहे का, जरा बघा. उंच मुली असं करतात. सैल कपडे मागते का, खेळायला जायचं टाळते का, तेही बघा.

लवकर वाढलेल्या मुलीची हीच अडचण असते. शरीर बघून लोक तिला पंधराची समजतात आणि पंधराच्या अपेक्षा ठेवतात: भांडी घास, नीट बस, दादाला समजून घे. विचार करून पाऊल उचलायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. तुमची लेक आतून अजून बारासुद्धा पूर्ण नाही. तिला रुसायचा, हट्ट करायचा आणि सायकल घेऊन खाली हुंदडायचा पूर्ण हक्क आहे. पाळी आली म्हणून काही बंद केलं असेल, तर या आठवड्यात सुरू करा. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, त्याला घाबरू नका. पण सात दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा एक-दोन तासांत पॅड भिजू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. जेवणात पालेभाजी, कडधान्यं आणि वर लिंबू असू दे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देत असतील तर ती घेते ना, विचारा.

दोघांना समोरासमोर बसवून "भांडू नका" असं सांगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दोघांच्या उंचीचा विषय घरात पाहुण्यांसमोर निघूच देऊ नका. पुन्हा कोणी उभं करायला लागलं, तर "आमच्याकडे मुलांना मापत नाही" असं तिथल्या तिथे, मुलांच्या देखत सांगा. नातेवाईक रागावले तर रागावू देत. मुलगा त्या दिवशी आपल्या बाजूने कोण बोलतंय ते शोधत होता.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? वर्षाची वाढ ४ सेंटीमीटरपेक्षा कमी झाली, वजन उतरू लागलं, सतत डोकं दुखून नजरेत फरक पडला किंवा पोटाच्या तक्रारी चालूच राहिल्या, तर लगेच. १४ पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच खूण नसेल तर तेव्हा. तुमच्या मुलाला चारच महिने बाकी आहेत, म्हणून नाताळच्या सुट्टीत एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. ते तपासतील, गरज वाटली तर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्की झालीत ते, बघतील, कदाचित रक्तही तपासतील. तपासताना वडील बरोबर असू देत, तुम्ही बाहेर थांबा आणि थोडा वेळ त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. तो जेवण टाकू लागला, शाळेत जायलाच तयार नसला किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर सुट्टीची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मुलीलाही त्याच भेटीला न्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्हीची लस तिला द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. १५ वर्षांच्या आत सुरू केली तर दोन डोस पुरतात. आणि तिलाही डॉक्टरांना काही विचारायचं आहे का, ते घरून निघण्याआधी तिलाच विचारून ठेवा.