पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मरतं तेव्हा : गूजची अंडी उबवताना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोंबडीच्या अंड्यांसाठी घेतलेल्या इनक्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या मशीनमध्ये) गूजची, म्हणजे बदकापेक्षा मोठ्या पाळीव पाणपक्ष्याची, पाच अंडी ठेवली होतीत, एकच पिल्लू निघालं, बाकीची चार शेवटी फोडून बघितली तर आत पूर्ण वाढ झालेली पण मेलेली पिल्लं, अंग सुजल्यासारखं आणि टरफल फुटताच पाणी बाहेर आलं. आता नवीन आठ अंडी मिळालीत आणि तुम्ही विचारताय की काय बदलू, पिल्लू अडकलं तर फोडून काढू का, आणि निघाल्यावर लगेच पाण्यात सोडायचं का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, त्या पाण्यात. तुम्ही मशीनमधली पाण्याची दोन्ही खाचं रोज भरत होतात कारण कुणीतरी सांगितलं की हे पाणपक्षी आहेत, यांना ओलावा जास्त लागतो. हा सल्ला मला पण मिळाला होता आणि माझी पहिली पूर्ण बॅच त्यातच गेली. अंड्याला उबवणीच्या काळात पाणी कमी करायचं असतं, साठवायचं नसतं. टरफलाच्या बारीक छिद्रांतून रोज थोडी वाफ बाहेर जाते, तेवढी जागा रिकामी होते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. पिल्लू शेवटी पहिला श्वास घेतं तो याच पोकळीत चोच घुसवून. ओलावा जास्त असला की वाफ जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू पाणी धरून सुजतं, त्याला आत वळायला जागा नाही आणि श्वास घ्यायला हवा नाही. इतके दिवस सगळं नीट वाढतं आणि शेवटच्या दोन दिवसांत संपतं, म्हणून ते इतकं जिव्हारी लागतं.

तर ओलावा किती ठेवायचा? पुस्तकी आकडा ५० ते ५५ टक्के आहे, पण मी त्या आकड्यावर चालत नाही, कारण स्वस्तातले हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) दहा-दहा टक्के चुकीचं दाखवतात आणि प्रत्येक अंड्याचं टरफल पण सारखं नसतं, एक जाड एक पातळ. मी अंडी वजन करतो. गूजच्या अंड्याचं वजन सुरुवातीच्या दिवसापासून पिल्लू आत चोच मारेपर्यंत साधारण १४ टक्के घटलं पाहिजे, १३ ते १५ चालतं. समजा अंडं १६० ग्रॅमचं आहे तर सातव्या दिवशी ते १५४ च्या आसपास हवं, चौदाव्याला १४९, एकविसाव्याला १४३ आणि अठ्ठाविसाव्याला १३८ च्या जवळ. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने नंबर आणि पहिलं वजन लिहा (पेन नको, शाई आत झिरपते), दर सात दिवसांनी वहीत नोंद करा. वजन कमी घटतंय म्हणजे ओलावा जास्त, एक खाच कोरडी करा, गरज पडली तर दोन्ही. जास्त घटतंय तर पाणी वाढवा. आठातली दोन वेगळी चालली तर त्यांच्यासाठी सगळ्यांचं बिघडवू नका, सरासरी धरून चला.

तरीही हायग्रोमीटर तपासायचा असेल तर एका झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, हवाबंद पिशवीत हायग्रोमीटरसोबत आठ-दहा तास ठेवा. त्याने ७५ दाखवलं पाहिजे. ८२ दाखवलं तर सात वजा करून वाचायचं. थर्मामीटरसाठी ताप मोजायचं चांगलं थर्मामीटर मशीनमध्ये ठेवून ताळा घ्या, अर्ध्या डिग्रीचा फरक पण एवढ्या दिवसांत खूप होतो. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून ३८ च्या थोडं वर, कारण तिथे वर गरम आणि खाली गार असे थर पडतात.

आता फिरवणं. कोंबडीच्या ट्रेमध्ये गूजचं अंडं बसत नाही आणि बसवलं तरी ती ट्रे थोडीशी कलते, एवढ्या मोठ्या अंड्याला ते पुरत नाही. अंडी आडवी ठेवा, एका बाजूला फुली दुसरीकडे गोल काढा आणि हाताने पूर्ण अर्धं उलटवा, दिवसातून तीन किंवा पाच वेळा. विषम आकडा मुद्दाम, म्हणजे रात्रीचा मोठा वेळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. एकदा या दिशेने एकदा त्या दिशेने फिरवा, एकाच दिशेने गोल गोल नको.

गार करणं हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि माझ्या मते गूजच्या अंड्यात तो सोडू नये. गूज मादी रवणावर बसलेली असली तरी रोज थोडा वेळ उठते, चरते, पाण्यात जाते आणि ओल्या पोटाने परत बसते. अंडं मोठं असल्याने अर्ध्या काळानंतर आतलं पिल्लू स्वतःच बरीच उष्णता तयार करतं आणि मोठ्या अंड्यातून ती लवकर बाहेर पडत नाही, आकाराच्या मानाने पृष्ठभाग कमी ना. म्हणून आठव्या-दहाव्या दिवसापासून रोज एकदा झाकण उघडून दहा ते पंधरा मिनिटं अंडी तशीच राहू द्या, डोळ्याच्या पापणीला लावून बघितलं तर गरमही नाही गारही नाही अशी लागली की बंद करा. कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात तो मी वजन बघून ठरवतो. तुमची मागची बॅच ओलाव्याने गेली तर या वेळी आधी वजनाची रेघ बघा, ती नीट घटत असेल तरच फवारा.

सातव्या ते दहाव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्यातून लाल शिरा पसरलेल्या दिसल्या म्हणजे जिवंत. काहीच नाही, नुसतं पिवळसर स्वच्छ, तर अंडं फळलेलं नाही. लाल कडं दिसलं तर सुरुवातीला मेलेलं. वास येणारं किंवा ओलं पाझरणारं अंडं त्याच दिवशी बाहेर काढा, मशीनमध्ये फुटलं तर सगळ्यांवर पसरतं.

गूजला साधारण २८ ते ३२ दिवस लागतात, हलक्या जातींना कमी, जड जातींना जास्त, त्यामुळे तिसाव्या दिवशी हालचाल नाही म्हणून घाबरून फोडू नका. मी तारखेवर नाही, टॉर्चवर जातो. साधारण सत्ताविसाव्या दिवसापासून हवेच्या पोकळीची कड एका बाजूला खाली उतरलेली दिसते, मग त्यात सावली हलायला लागते, मग एक दिवस अंडं कानाला लावलं की आतून टिकटिक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. कितीही वेळा ऐकली तरी माझे हात अजून थरथरतात त्या वेळी. पोकळी उतरली की फिरवणं आणि गार करणं बंद, आणि आता मात्र ओलावा ७० ते ७५ वर न्या, कारण बाहेरून टरफल फुटल्यावर आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. म्हणजे आधी कोरडं आणि शेवटी ओलं, तुमचं पूर्ण वेळ ओलं झालं होतं. या दिवसांत झाकण सारखं उघडू नका.

आता फोडायचं का, हा दुसरा प्रश्न. इथे मी कळकळीने सांगतो, थांबा. माझ्या तिसऱ्या बॅचमध्ये एका पिल्लाने बाहेरून भोक पाडलं आणि नंतर दहा तास काहीच केलं नाही, मला राहवलं नाही, मी नखाने टरफल सोलायला लागलो आणि पडद्यातून रक्त आलं. ते पिल्लू तासाभरात गेलं. ते अडकलेलं नव्हतंच, त्याचं काम चालू होतं. पिल्लू पोकळीत श्वास घ्यायला लागलं तरी टरफलाच्या आतल्या पडद्यातल्या शिरांत त्याचं रक्त फिरत असतं आणि पोटाबाहेरचा बलक अजून आत ओढला जायचा असतो. या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्या की मगच ते गोल फिरत टरफल कापतं. आतली चोच ते बाहेरचं भोक यात एक दिवस जाऊ शकतो आणि भोक पडल्यापासून बाहेर यायला गूजला २४ ते ४८ तास लागणं अगदी नॉर्मल आहे. कोंबडीची पिल्लं बघायची सवय असेल तर हे फार लांबल्यासारखं वाटतं.

मदत कधी? भोक पडून दीड दिवस उलटला आणि पुढे एक कणही फुटलं नाही, किंवा भोकातून दिसणारा पडदा पिवळट-तपकिरी आणि कडक झाला, किंवा भोक निमुळत्या टोकाला पडलं. तेव्हाही पूर्ण काढायचं नाही. पोकळीवरचं तेवढंच टरफल थोडं थोडं उचला, पडद्यावर कोमट पाण्याचं बोट फिरवा आणि बघा. ताज्या लाल शिरा दिसल्या की हात बाजूला, ओलं करून परत मशीनमध्ये, पाच-सहा तासांनी परत बघा. शिरा सुकलेल्या असतील तर डोकं मोकळं करा आणि खालचा अर्धा भाग त्यालाच ढकलू द्या. नाभीशी बलक दिसत असेल तर अजिबात ओढू नका.

निघालेलं पिल्लू मशीनमध्येच सुकू द्या. आत ओढलेल्या बलकावर ते दिवसभर सहज राहतं, खायची घाई नाही. मग ब्रूडरमध्ये (पिल्लांना दिव्याची ऊब द्यायच्या पेटीत) ३२ ते ३४ डिग्री, पुढे दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी, पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली ढीग करून ओरडतायत तर गार, कडेला पसरून चोच उघडी तर गरम. ब्रूडरच्या तळाला वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून मांड्या बाहेर फाकतात आणि ते लवकर लक्षात आलं नाही तर कायमचं होतं. खरखरीत रबर मॅट किंवा टॉवेल घाला.

खाण्यात एक चूक सगळे करतात, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य तसंच देतात. पाणपक्ष्यांच्या पिल्लांना नायसिन (बी३ जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. खाद्यात साधारण ५ टक्के ब्रूअर्स यीस्ट (बीअर बनवताना वापरतात त्या यीस्टची पूड) मिसळा, प्रश्न सुटतो. औषध मिसळलेलं खाद्य टाळा, ही पिल्लं कोंबडीच्या पिल्लांपेक्षा खूप जास्त खातात त्यामुळे औषधाचा डोस पण जास्त जातो. पहिले तीन आठवडे प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास, नंतर १५-१६ वर आणा आणि गवत भरपूर. नंतर पण जास्त प्रोटीन आणि कमी हालचाल राहिली तर पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला वळतं, सुरुवातीलाच दिसलं तर पंख नीट मिटवून मऊ पट्टी बांधून काही दिवसांत सरळ होतो, हाड पक्कं झाल्यावर नाही. गवत पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून बारीक कापून द्या, फवारणी झालेल्या जागेचं सोडून कुठलंही कोवळं, आणि सोबत बारीक खडीसारखी वाळू ठेवा, दळायला लागते.

पाण्याचं. पिण्याचं भांडं इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांच्या वरपर्यंत बुडवून डोळे धुता येतील, नाहीतर डोळे चिकटतात. पण आत पडता येऊ नये, म्हणून मधे मोठा गुळगुळीत दगड ठेवा. पोहायला पहिल्या दिवशी नाही. आईसोबतचं पिल्लू भिजलं तर लगेच तिच्या पंखाखाली जाऊन सुकतं, तुमच्याकडे ती ऊब दिव्याचीच आहे. आठवडा झाल्यावर उथळ कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, तुम्ही शेजारी बसून, बाहेर पडायला उतार असलेलं, आणि नंतर पूर्ण कोरडं करून दिव्याखाली. एकटं सोडून पोहणं पिसं आल्यावर, पाच-सहा आठवड्यांनी.

एक शेवटचं राहिलं. आठातून एकच निघालं तर त्याला एकटं वाढवू नका, एक सोबती आणा, वयात थोडा फरक असला तरी चालेल. अंड्यातून आल्यावर पहिल्या तासांत जे हलताना दिसतं त्यालाच ते आई मानतं, प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी राखी गूजच्या पिल्लांवर हेच दाखवलं आणि पुढे १९७३ चं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. तुमच्या मागे मागे पळणारं पिल्लू बघून फार प्रेम वाटतं, मला पण वाटतं, पण ते वीस वर्षं जगू शकतं आणि त्याला दिवसभर सोबत लागते, तुम्ही नजरेआड झालात की ते घसा बसेपर्यंत ओरडतं. दोन असली की ती एकमेकांना धरून झोपतात.

आज अंडी मशीनमध्ये ठेवायच्या आधी निमुळतं टोक किंचित खाली धरून एक रात्र खोलीच्या तापमानाला स्थिर होऊ द्या, उद्या सकाळी वजनं घ्या, मगच आत. सातव्या दिवशी आठही वजनं इथे टाका, कुठली खाच भरायची ते बघून सांगतो.