पेशंट गेला तरी रडू येत नाही, मी वाईट झालेय का?

हॉस्पिटलमधे काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी कोविडमधे खूप ऐकला, अजूनही ऐकते. म्हणून सुनंदाची गोष्ट सांगते (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत).

एप्रिल २०२१, दुसरी लाट. महाराष्ट्रात रोज ६० हजारांच्या आसपास केसेस, बेड मिळेना, ऑक्सिजनची मारामार, रेमडेसिविरसाठी नातेवाईक मेडिकलबाहेर रांगेत. सुनंदा कोविड आयसीयूत स्टाफ नर्स, मुलीला आजीकडे ठेवलेलं. माझ्याशी समुपदेशनाचं सेशन फोनवरच व्हायचं, ड्युटी संपल्यावर.

"मॅडम, आधी पेशंट गेला की मला दोन दोन दिवस जेवण जायचं नाही. आता बॉडी पॅक करते आणि लगेच पुढच्या बेडचं सलाईन बघते. माझ्यातली माणुसकी संपली का हो?"

मी तिला समजवायला नाही गेले, ड्युटीत काय काय करावं लागतं ते विचारलं. पीपीई किट घातलं की सहा सहा तास पाणी नाही कारण बाथरूमला जाता येत नाही, गॉगलवर वाफ धरते, शीर सापडत नाही. आणि मग म्हणाली, गेलेल्या माणसाच्या वस्तू लिहून पिशवीत भरायचं काम पण आमचंच, चष्मा, कवळी, मंगळसूत्र, मोबाईल. एकदा पिशवीला गाठ मारली आणि आतला मोबाईल वाजायला लागला, प्लॅस्टिकमधून 'पिंकी' असं नाव दिसत होतं, बंद व्हायचा, परत वाजायचा. उचलता येत नाही कारण घरच्यांना डॉक्टरच सांगणार. हे सगळं तिने एका सुरात सांगितलं आणि सहज बोलून गेली की हल्ली घरात कोणाचाही फोन वाजला की छातीत धडधडतं.

म्हणजे काहीच वाटत नाही असं कुठे होतं? रडायला बसली तर पुढचा बेड कोण बघणार, म्हणून मनाने ते सगळं बाजूला ठेवलेलं. माणुसकी संपलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही.

डब्ल्यूएचओने २०१९ मधे बर्नआउटची (कामाच्या ताणाने पार थकून जाणं, कामातून मन उडणं) जी व्याख्या दिली त्यात तो आजार नाही म्हटलंय, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने तो होतो असं म्हटलंय. म्हणून डबल ड्युटी लावून वर ध्यानधारणेचं वेबिनार अटेंड करा सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आधी त्या बाईला सुट्टी द्या, झोपू द्या!

आम्ही झोपेपासूनच सुरुवात केली, वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप घरी म्यूट. पिंकीच्या फोनबद्दल ती हळूहळू, तिला जमेल तसं बोलत गेली आणि एक दिवस खूप रडली. सगळ्यात अवघड गेलं ते मेट्रनकडे (नर्सेसच्या प्रमुखाकडे) ड्युटी बदलून मागणं, कारण "पळाली म्हणतील." काय बोलायचं याची आम्ही फोनवर चक्क प्रॅक्टिस केली, की नोकरी सोडायची नाहीये मॅडम, थोडे दिवस कोविडबाहेर पोस्टिंग द्या. मेट्रनने लसीकरणाला टाकलं. नंतर सुनंदा म्हणाली, इथे आलेली माणसं चालत घरी जातात, ते बघूनच बरं वाटतं.

झोप आठवडे आठवडे येत नसेल, स्वतःच गोळ्या घेणं सुरू झालं असेल (आपल्या हाताशी त्या असतात), किंवा जगायचं कशाला असं मनात येत असेल तर मात्र थांबू नका, सायकिॲट्रिस्टला दाखवा. तेव्हा नव्हती पण ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नाईट ड्युटीच्या मधे पण लावू शकता.