ती ‘नॅचरल’ झाली म्हणजे नक्की काय झाली?

एका अनुवादक वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय बाईंच्या आठवणी ते मराठीत आणताहेत. त्यातलं एक वाक्य पहिल्या खर्ड्यात असं उतरलं: ‘कॉलेजात असताना ती नॅचरल झाली आणि आजी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.’ हे केसांबद्दल आहे एवढं त्यांना कळलंय, पण ‘नैसर्गिक केस’ लिहिलं की वाक्य पार बिघडतं. शिवाय पुढे ‘ड्रेडलॉक्स’, म्हणजे पिळून दोरांसारख्या केलेल्या बटा, येतात. त्यांना ‘जटा’ म्हणावं का?

‘नैसर्गिक केस’ कानाला खटकतं, कारण मराठीत त्याच्या समोर उभं राहतं ते गंगावन नाहीतर टोप. म्हणजे खरे केस विरुद्ध खोटे केस. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बोलण्यात ‘नॅचरल’च्या समोर असतात ते ‘रिलॅक्स्ड’, म्हणजे केमिकल लावून सरळ केलेले केस. तेही डोक्यावर उगवलेले, स्वतःचेच. गंमत म्हणजे ‘पर्म’ हा एकच शब्द तिथे गोरी बाई केस कुरळे करून घेतल्यावर वापरते आणि कृष्णवर्णीय बाई सरळ करून घेतल्यावर. आणि ‘रिलॅक्स’ तरी का? केसांना कसला ताण होता? पण आपणही फार हसू नये. सरळ माणूस भला आणि वाकड्यात शिरणारा वाईट, हे आपल्याच भाषेत आहे.

आपले केस जसे उगवतात तसे ठेवण्याला वेगळं नाव द्यावं लागलं, यातच सगळं आलं. आता अमेरिकेत असलेलं लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ साली, गव्हर्नर मिरो यांनी फर्मान काढलं की गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केस रुमालाखाली झाकावेत. बायकांनी रुमाल बांधले, पण असे रंगीत आणि अशा डौलात की तीच फॅशन झाली. पुढच्या काळात तापवलेला धातूचा कंगवा आला, मग केमिकल. नोकरी हवी, शाळेत बोलणी नकोत, तर केस सरळ हवेत हा अलिखित नियम. १९६०च्या दशकात ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ या घोषणेच्या हवेत मोकळा, गोल अ‍ॅफ्रो राखणं ही उघड राजकीय भूमिका ठरली, ती या पार्श्वभूमीवर.

मग मराठीत काय लिहायचं? माझी पसंती ‘मूळचे केस’ला. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ मधला मूळचा त्यात आहे आणि केसाचं मूळही आहे. केमिकल मुळापासून नव्याने येणाऱ्या केसाला बदलू शकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत मुळाशी कुरळेपणा पुन्हा डोकावतो. ‘नैसर्गिक’मध्ये शांपूच्या जाहिरातीचा वास आहे, ‘मूळचे’मध्ये तो नाही.

‘कुरळे’ मात्र जपून वापरा. मराठीत कुरळे केस म्हणजे बहुधा कौतुकच. फार तर शाळेत कुणी ‘मॅगी’ म्हणून चिडवेल. आणि लाटांसारखे केसही आपल्याला कुरळेच. इथे केस पेन्सिलीच्या टोकाहून बारीक वेटोळ्यांचे असतात, ओढले तर लांब, सोडले की पुन्हा आखडतात. एकदा ‘घट्ट वेटोळ्यांचे केस’ असं सांगून टाका, मग पुढे ‘कुरळे’ चालेल. ‘नॅपी’ आला तर त्याला ‘झिपरे’ करू नका. कापडावरच्या लवीला ‘नॅप’ म्हणतात, त्यावरून आलेला हा शब्द पुढे शिवीसारखा वापरला गेला, आणि आता काही जणी तोच स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. झिपऱ्या तेल-कंगव्याने सुधारतात. हे केस बिघडलेलेच नाहीत, तर सुधारायचं काय?

आता जटा. इथे माझं स्पष्ट मत: नको. ‘जटा’ म्हटलं की साधू किंवा शंकर, आणि एकवचनी ‘जट’ म्हटलं की त्याहून अवघड. आपल्याकडे बाईच्या डोक्यात गुंता होऊन जट धरली की देवीचं बोलावणं आलं असं मानत, यल्लम्माच्या नावाने मुली सोडल्या जात, आणि आजही महाराष्ट्रात जटनिर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून ती जट कापतात. जट आपोआप होते, तिची भीती असते. लॉक्स ठरवून केलेले असतात, धुतले जातात, मुळाशी पुन्हा पुन्हा पिळून राखले जातात. ‘ड्रेड’मध्येही भीतीच आहे, म्हणून अनेक जणी तो तुकडा गाळून नुसतं ‘लॉक्स’ म्हणतात. तुम्हीही तेच ठेवा.

हा शब्दच्छल वाटत असेल तर अमेरिकी लष्कराचं पाहा. २०१४ साली त्यांच्या केशभूषेच्या नियमांत लॉक्सना बंदी होती आणि ‘मॅटेड’ व ‘अनकेम्प्ट’ ही विशेषणं होती. पहिलं म्हणजे जट धरलेले; दुसऱ्याचा मूळ अर्थ न विंचरलेले. महिला सैनिकांनी हरकत घेतली आणि त्याच वर्षी दोन्ही शब्द वगळले गेले. लॉक्सना परवानगी २०१७मध्ये मिळाली. आधी शब्द गेले, मग बंदी. केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये असा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये केला, नंतर वीसहून अधिक राज्यांनी. त्याच्या लांबलचक नावातही ‘नॅचरल हेअर’ आहेच, त्यामुळे तुमच्या पुस्तकात तो येण्याची शक्यता आहे.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘कॉलेजात तिने केस सरळ करणं सोडलं, मूळचे वाढू दिले. आजी आठवडाभर बोलली नाही.’ आजीला दुष्ट करू नका. शनिवारी रात्री चुलीपाशी बसवून, कान पोळू नये म्हणून हाताने दुमडून धरून, नातीचे केस चर्चसाठी सरळ करणाऱ्या आज्या होत्या त्या. नातीचा रस्त्यात अपमान होऊ नये म्हणून त्यांची ही खटपट असे.

आणि एक सावधगिरी. पुढे कुठे आजी नातीच्या ‘किचन’बद्दल कुरकुर करताना दिसली, तर स्वयंपाकघर लिहू नका. त्यांच्या बोलीत मानेवरच्या, सगळ्यांत घट्ट वेटोळ्यांच्या केसांना ‘किचन’ म्हणतात.